भरपूर जेवूनही वजन उतरतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किती वजन उतरलं तर डॉक्टरांकडे जावं?

डाएट किंवा व्यायाम काहीही न करता सहा ते बारा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरलं, तर तपासणी हवीच. ६० किलोच्या माणसाचे ३ किलो, ८० किलोच्या माणसाचे ४ किलो. आधी सुटलेल्या माणसाचं वजन उतरलं की घरचे खूश होतात, शेजारी कौतुक करतात, आणि त्यात तीन-चार महिने निघून जातात. जाड माणसाचं आपोआप उतरलेलं वजनही बारीक माणसाच्या इतकंच तपासण्यासारखं असतं. त्यासोबत सतत तहान, ताप, रात्रीचा घाम, छातीत धडधड, पातळ शौच किंवा कुठे गाठ असेल, तर ५ टक्क्यांची वाट बघू नका.

वजन खरंच उतरलंय, हे घरी कसं पक्कं करायचं?

एकच काटा, एकच वेळ. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याआधी, तशाच हलक्या कपड्यांत. काटा फरशीवर ठेवा. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर तो चुकीचं वजन दाखवतो. आठवड्यातून एकदा पुरे, कारण पाणी, मीठ आणि पोट साफ होणं यांमुळे एक-दीड किलोचा फरक रोजच पडत असतो. दवाखान्यातला काटा आणि घरचा काटा यांची तुलना करू नका.

जुनं वजन नोंदलेलं नसेल तर पुरावा अंगावरच असतो. पट्ट्याचं भोक आत गेलंय का, ब्लाउजला टीप मारावी लागली का, बांगड्या कोपराकडे सरकतात का, अंगठी हात धुताना निसटते का. वर्षभरापूर्वीच्या लग्नातला फोटो काढून चेहरा शेजारी ठेवून बघा. गालफडं बसलेली आणि गळ्याची हाडं वर आलेली दिसली, तर काट्याचा पुरावा नसला तरी चालेल.

व्यवस्थित जेवणाऱ्याचं वजन उतरतंच कसं?

तीन वाटा आहेत. खाल्लेली ऊर्जा अंगी लागण्याआधी लघवीतून निघून जाते; हा मधुमेह. किंवा अन्न आतड्यात शोषलंच जात नाही आणि शौचावाटे बाहेर पडतं. किंवा शरीर गरजेपेक्षा कितीतरी जास्त जाळतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जास्त चालणं हे त्याचं सर्वांत नेहमीचं कारण. चौथी शक्यता अशी की माणूस वाटतो तेवढा जेवतच नाही, तिच्याबद्दल पुढे येईल.

म्हणून भूक चांगली आहे ही माहिती डॉक्टरांच्या फार कामाची असते. भूक मेलेली असेल तर शोधायच्या आजारांची यादी लांबलचक होते. भूक शाबूत किंवा वाढलेली असेल तर ती आखूड होते, आणि तिच्यातले मधुमेह आणि थायरॉइड हे दोन आजार रक्ताच्या साध्या तपासणीत सापडतात. टॉनिक, पावडर, च्यवनप्राश यांच्याआधी या तपासण्या करा.

मधुमेहात तर वजन वाढतं ना?

जाड माणसांना मधुमेह जास्त होतो, हे खरं. पण साखर फार वाढली की वजन उतरायला लागतं. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत आणि ती लघवीतून वाहू लागते. दिवसाला १०० ग्रॅम साखर गेली तर ४०० कॅलरी गेल्या, म्हणजे तेल लावलेल्या चारेक पोळ्या. ही साखर सोबत पाणी ओढून नेते. त्यामुळे लघवी वाढते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, घसा कोरडा पडतो. इन्सुलिन अपुरं असल्याने पेशी उपाशीच राहतात, म्हणून भूकही वाढते. शरीर मग चरबी आणि स्नायू जाळायला घेतं. लघवी केली त्या जागी मुंग्या जमणं, जांघेत किंवा योनीमार्गात वारंवार खाज येणं, चष्म्याचा नंबर अचानक बदलल्यासारखं वाटणं, या खुणाही लक्षात ठेवा.

निदानाचे आकडे: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.५ टक्के किंवा जास्त. लक्षणं असतील तर कोणत्याही वेळेची साखर २०० किंवा जास्त असणंही पुरेसं आहे.

महाराष्ट्रात एक गोष्ट आवर्जून पाहायला हवी. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खोटं कमी दाखवू शकतं. नुकतंच रक्त चढवलं असेल तरी तो आकडा भरवशाचा नाही. उलट लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढलेला दिसू शकतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच धरा.

मुलगा सारखा पाणी पितो, खातो खूप, पण वाळत चाललाय. उंची वाढतेय म्हणून असेल का?

उंची वाढताना मूल सडपातळ दिसतं, पण त्याचं वजन कमी होत नाही. मुलाचं वजन खरोखर उतरत असेल आणि तहान-लघवी वाढली असेल, तर साखर आजच तपासा, उद्यावर ढकलू नका. लघवीची सवय सुटलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागणं ही टाइप १ मधुमेहाची महत्त्वाची खूण आहे आणि तिच्यावरून मुलाला रागावलं जातं, याचं फार वाईट वाटतं. पोटात दुखणं, उलट्या, खोल जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी, यांपैकी काही दिसलं तर ते कीटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्त आम्ल होणं) असू शकतं. तेव्हा थेट रुग्णालयात न्या. पोटदुखीवर घरगुती उपाय करत बसलात तर काही तासांत जिवावर बेतू शकतं.

मधुमेह आधीपासून आहे, गोळ्या चालू आहेत, तरी वजन उतरतंय.

आधी साखर बघा. ती वाढलेली असेल तर औषध कमी पडतंय आणि कदाचित इन्सुलिनची वेळ आली आहे. साखर आटोक्यात असेल तर गोळ्यांची पट्टी वाचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर मुद्दाम बाहेर काढतात. त्यांनी दोन-तीन किलो उतरणं अपेक्षित असतं, पण पुढे ते थांबायला हवं. मेटफॉर्मिनने काहींना जुलाब होतात. सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी भूकच कमी होते. मनाने काहीही बंद करू नका, यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच मधुमेह निघाला, माणूस जाड नाही, घरात कुणाला मधुमेह नाही आणि वजन झपाट्याने उतरतंय, तर त्यामागे क्वचित स्वादुपिंडाचा कॅन्सर असतो; म्हणून सीटी स्कॅन करावा का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. नुसत्या सोनोग्राफीवर थांबू नका. पोटातल्या गॅसमुळे स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग तीत बऱ्याचदा दिसत नाही.

थायरॉइडचा संशय कधी घ्यायचा?

सगळ्यांना पंखा पुरतो आणि एकालाच उकडतं. हात पुढे करून बोटं ताणली की बारीक थरथरतात. वर कागद ठेवला तर थरथर स्पष्ट दिसते. बसल्या जागी नाडी मिनिटाला ९०-१०० च्या वर. झोप लागत नाही, चिडचिड होते, शौचाला दिवसातून तीन-चारदा जावं लागतं, पाळीचा रक्तस्राव कमी होतो. भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना मांड्यांत जोर राहत नाही, कारण थायरॉइड मोठ्या स्नायूंवर आघात करतं. डोळे मोठे, बाहेर आल्यासारखे दिसले तर ग्रेव्हज हा आजार असण्याची शक्यता वाढते.

साठीनंतर यातलं फारसं काही दिसत नाही. नुसतं वजन उतरतं, माणूस गप्प होतो, नाडी अनियमित पडते. घरच्यांना ते वय वाटतं.

तपासणी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणाऱ्या हार्मोनची. तो कमी आला तर थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स, फ्री टी४ आणि टी३. तिन्हींवरून थायरॉइड जास्त असल्याचं ठरलं तरी काम संपत नाही, कारण थायरॉइड का वाढलं हे कळलं पाहिजे. ग्रेव्हजमध्ये ग्रंथी जास्त हार्मोन बनवते, तिथे ते बनणं रोखणारं कार्बिमाझोल लागतं. थायरॉइडला सूज आली असेल तर साठवलेलं हार्मोन नुसतं सांडत असतं. तिथे कार्बिमाझोलचा उपयोग नाही आणि बरेचदा काही आठवड्यांत ते आपोआप शांत होतं. हा फरक टीआरएबी नावाच्या रक्तचाचणीने किंवा थायरॉइड स्कॅनने कळतो. तो न करता गोळ्या चालू झाल्या असतील तर कारण विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं, आणि नसलेल्या आजाराची औषधं सुरू होतात.

कार्बिमाझोल चालू असताना ताप आला किंवा घसा दुखायला लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. साधं सर्दी-पडसं समजून इथे वेळ घालवू नका.

थायरॉइड कमी म्हणून गोळी चालू आहे. मग माझं वजन का उतरावं?

डोस जास्त झाला असेल. वजन घटलं, वय वाढलं की थायरॉक्सिनची गरज बदलते आणि लोक वर्षानुवर्षं तीच गोळी घेत राहतात. टीएसएच करून डोस ठरवून घ्या.

शौचाकडे काय बघायचं?

हा प्रश्न विचारायला लोक लाजतात, पण आतड्यांची निम्मी माहिती तिथेच असते. फिकट, मातकट, भरपूर, फार उग्र वास, भांड्याला चिकटून राहणारं, दोन-तीनदा पाणी टाकूनही न जाणारं, पाण्यावर तेलाचा तवंग सोडणारं शौच म्हणजे चरबी पचत नाहीये. अशा माणसाला घरचे वजन वाढावं म्हणून तूप वाढतात आणि त्याने जुलाब आणखी वाढतात.

कारण स्वादुपिंडात असेल तर बहुधा जुनी सूज असते. दारू हे तिचं मोठं कारण, पण दारूला कधी न शिवलेल्या तरुणांतही स्वादुपिंडात खडे होण्याचा आजार आपल्या देशात आढळतो. फीकल इलास्टेज ही शौचाची तपासणी २०० च्या खाली आली तर स्वादुपिंडाची पाचकद्रव्यं कमी पडत असल्याचा संशय बळावतो. शौच पाण्यासारखं पातळ असेल तर हा आकडा खोटा कमी येऊ शकतो.

उपचार पाचक एन्झाइमच्या कॅप्सूलचा. मुख्य जेवणाला साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट, नाश्त्याला त्याच्या निम्मे. ‘औषध घेतलं, फरक नाही’ असं म्हणणाऱ्यांत बरेच जण कॅप्सूल जेवणानंतर पाण्यासोबत घेत असतात. ती पहिल्या घासासोबत घ्यायची, दोन असतील तर दुसरी जेवणाच्या मध्यावर, कारण एन्झाइम अन्नात मिसळायला हवं. कॅप्सूल चावायची नाही. ही द्रव्यं डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. ज्यांना हे धर्माच्या किंवा शाकाहाराच्या दृष्टीने अडचणीचं आहे त्यांना आधी सांगायला हवं, म्हणजे मध्येच औषध सुटत नाही.

गहू बंद करून बघितला तर?

तपासणीआधी अजिबात नको. सीलिअ‍ॅक आजारात गहू आणि जव यांतल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं. रक्तातली टीटीजी-आयजीए चाचणी (ती आयजीए प्रकारची प्रतिपिंडं शोधते) आणि दुर्बिणीतून घेतलेले आतड्याचे तुकडे, दोन्ही पोळी खात असतानाच खरं सांगतात. गहू सोडला की अस्तर भरू लागतं, चाचणी नॉर्मल येते आणि निदान लटकतं. आधीच सोडला असेल तर दिवसातून एकाहून जास्त वेळा गहू खाऊन किमान सहा आठवडे काढावे लागतात, मग तपासणी. टीटीजीसोबत एकूण आयजीएही तपासून घ्या. ते मुळातच कमी असलेल्यांत चाचणी खोटी नॉर्मल येते. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर हा आजार आठवा.

निदान झालं की पथ्य जन्मभराचं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा सगळं चालतं, त्यामुळे भाकरीवर वाढलेल्या माणसाला हे पथ्य जमण्यासारखं आहे. फसवतात त्या बारीक गोष्टी. बाजारच्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा कणीक असते. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत सहसा गहू असतो. सातूचं पीठ गव्हाचं किंवा जवाचं. आणि ज्या गिरणीत गहू दळतात तिथेच ज्वारी दळली तर तिच्यात गव्हाचं पीठ मिसळतंच. घरघंटी घेऊन ती फक्त ग्लूटेनविरहित धान्यासाठी ठेवणं हा खरा उपाय. ते परवडत नसेल तर गिरणीवाल्याला सांगून जातं साफ केल्यानंतर, त्या दिवशी गहू पडण्याआधी, पहिलं दळण आपलं लावा आणि सुरुवातीचं किलोभर पीठ घरातल्या इतरांना द्या. हा पूर्ण सुरक्षित मार्ग नाही, धोका कमी करणारा आहे.

जंत असतील का?

मोठ्या माणसाचे चार-पाच किलो नुसत्या जंतांनी सहसा जात नाहीत. अल्बेंडाझोलची जंतांची गोळी एकदा घेतली म्हणजे विषय मिटला असंही नाही: जिआर्डिया हा परजीवी त्या एका गोळीने जात नाही, त्याला वेगळा उपचार लागतो. पोट फुगणं, सडक्या अंड्यासारखे ढेकर, आठवडे चालणारे जुलाब असतील तर वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने तपासायला द्या. एकाच नमुन्यात तो निसटतो.

भूक चांगली असताना टीबी असू शकतो?

टीबीत भूक बहुधा मंदावते, पण सगळ्यांची नाही, आणि आपल्या देशात तो वगळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उशी भिजवणारा घाम असेल तर थुंकीतले टीबीचे जंतू ओळखणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी करा. सरकारी केंद्रात ती मोफत आहे. खोकला नसेल म्हणून टीबी नाही असं समजू नका. गाठींचा आणि आतड्यांचा टीबी छातीचा एक्स-रे स्वच्छ असतानाही असतो. उजव्या बाजूला खाली पोटात कळ येऊन गुरगुर होत असेल तर डॉक्टरांना नेमकी जागा दाखवा. निदान झाल्यावर टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये खात्यात जमा होतात. नोंदणी करताना बँक पासबुक न्या.

कॅन्सर तर नसेल ना?

ही भीती प्रत्येकाच्या मनात असते, म्हणून सरळ उत्तर: असू शकतो, पण भूक शाबूत असताना तो यादीत पहिला नसतो. गळ्यात, काखेत, जांघेत न दुखणारी आणि वाढत जाणारी गाठ, शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत बदल, गिळताना अडकणं, कावीळ, आवाज बसून तीन आठवड्यांहून जास्त दिवस होणं, यांपैकी काही असेल तर तपासणी पुढे ढकलू नका. तंबाखू, गुटखा, मिश्री यांची सवय असेल तर उजेडात आरशासमोर तोंड उघडून गालांच्या आतली बाजू आणि जीभ उचलून तिच्या खालचा भाग बघा. न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

आजी म्हणतात ‘मी जेवते की’, पण त्या वाळत चालल्यात.

ही वर राखून ठेवलेली चौथी शक्यता. तीन दिवस त्यांच्या पानात वाढलेलं आणि ताटात उरलेलं दोन्ही लिहा, पोळ्या आणि वाट्या मोजून. ‘दोन भाकऱ्या’ म्हणजे प्रत्यक्षात दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी निघते. कवळी हे फार दुर्लक्षित कारण आहे: वजन उतरलं की हिरड्या आकसतात, कवळी सैल होते, चावता येत नाही, वजन आणखी उतरतं. कवळी ताटाशेजारी काढून ठेवली जाते का, ते बघा. मग उदासी, विसराळूपणा, एकटीने जेवणं, गिळताना ठसका लागणं. हृदयाचं डिगॉक्सिन किंवा स्मृतिभ्रंशाचं डोनेपेझिल चालू असेल तर तेही भूक मारतं.

पहिल्या फेरीत कोणत्या तपासण्या?

सीबीसी, ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या), उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, एचबीए१सी, टीएसएच, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, यकृताची तपासणी अल्ब्युमिनसह, लघवी, शौच, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. एचआयव्हीचं नाव निघाल्यावर रागावू नका. ती सगळ्यांसाठीच यादीत असते. डोक्यापासून पायापर्यंत सीटी किंवा पॅकेजमधले ‘ट्यूमर मार्कर’ (कॅन्सरच्या शंकेच्या रक्तचाचण्या) या फेरीत नकोत. ट्यूमर मार्कर निरोगी माणसातही वाढलेले येतात आणि मग नाहक धावपळ होते.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. आता?

नीट तपासणी करूनही सुमारे चौथाई लोकांत कारण सापडत नाही, आणि त्यांपैकी बऱ्याच जणांचं पुढे बरंच चालतं. पण फाइल बंद करायची नाही. दर आठवड्याला वजन लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. घसरण चालू राहिली तर त्याआधीच. याच काळात दिनक्रम तपासा. नव्या कामात दिवसभर उभं राहणं, रोज आठ-दहा किलोमीटर चालणं, अंगावर पाजणं यांत रोजचे ४००-५०० कॅलरी सहज जातात, आणि रोज ५०० ची तूट म्हणजे आठवड्याला साधारण अर्धा किलो. डोकेदुखी, घाम आणि धडधड यांचे झटके येऊन त्या वेळी रक्तदाब चढत असेल, तर अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीसाठी मेटानेफ्रिन ही तपासणी विचारा. आजार दुर्मिळ आहे, पण ठरलेल्या पॅकेजमध्ये तो कधीच सापडत नाही.

तोपर्यंत काय खायला द्यायचं? पावडर आणू का?

साखर आणि शौच ठीक असेल तर नेहमीच्याच जेवणात भर घाला. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे १७० कॅलरी, एक चमचा तेल किंवा तूप ४५, म्हशीच्या दुधाचा २०० मिलिलिटरचा पेला दोनशेच्या आसपास. शेंगदाण्याचं कूट भाजीत, तूप वरणात, संध्याकाळी दूध. एवढ्याने ४०० च्या वर भर पडते. प्रथिनं वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम: अंड्यात ६, घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सात, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच. मधुमेहाची शंका असेल तर शिरा, केळ्याचं शिकरण, ग्लुकोज पावडर बंद.

‘महिन्यात पाच किलो’ अशा लेबल नसलेल्या चूर्णांपासून दूर राहा. त्यांत स्टिरॉइड किंवा भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडिन मिसळलेलं सापडलं आहे. चेहरा गोल होतो, काट्यावर वजन वाढतं, आत साखर चढते आणि खरा आजार झाकला जातो. असं चूर्ण बरेच आठवडे घेत असाल तर एकदम थांबवू नका, डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. स्टिरॉइड अचानक तोडल्याने रक्तदाब कोसळू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना सोबत काय न्यावं?

वजनाच्या नोंदी तारखांसह, तीन दिवसांचं जेवण, दिवसातून किती वेळा लघवी आणि शौच, थर्मामीटरने चार दिवस संध्याकाळी घेतलेला ताप, घरातल्या सगळ्या गोळ्या (आयुर्वेदिक, जिमच्या, केसांच्याही) पिशवीत घालून, आणि जुने रिपोर्ट. ‘अशक्तपणा आहे’ असं सांगून सुरुवात केलीत तर बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन घेऊन परत याल. ‘चार महिन्यांत साडेचार किलो उतरलंय आणि भूक चांगली आहे’ हे पहिलं वाक्य ठेवा.